खड्डामागाची काळी घोंगडी: पैसे वसूल; रंगीत काठाची मात्र पारखून घ्या

मराठवाड्यातल्या आठवडी बाजारात, यात्रेत आणि आता फोनवर मागवूनही ‘अस्सल घोंगडी’ या एकाच नावाखाली चार तऱ्हेचा माल हाती येतो. एक, दख्खनी मेंढीच्या लोकरीची, खड्डामागावर, म्हणजे विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो त्या हातमागावर, विणलेली साधी काळी घोंगडी. दुसरी जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीची. तिसरी अलीकडे दिसू लागलेली, झाडपाल्याच्या रंगात रंगवलेल्या पट्ट्यांची. आणि चौथं म्हणजे गिरणीचं काळं ब्लँकेट, जे घोंगडी नाहीच, पण त्याच ढिगात ठेवून विकलं जातं. पहिल्या तीन घोंगड्या पसरून, भिजवून, धुऊन आणि सूत जाळून पाहिल्यावर आमचा कौल असा: काळी घ्या, निःशंक घ्या. जावळाची घ्या, पण थेट अंगावर पांघरायची असेल तरच. रंगीत काठाची घोंगडी दिसते देखणी, पण तिच्या रंगाईत अजून खोट आहे.

काळीपासून सुरुवात करू. पाहिलेला नग ९ फूट लांब, ४.५ फूट रुंद आणि अडीच किलोच्या किंचित वर भरला. माग अरुंद असल्यामुळे सव्वादोन फुटांच्या दोन पट्ट्या वेगळ्या विणून मधोमध जोडल्या आहेत. ही जोड आधी पाहावी, कारण घोंगडी फाटते ती बहुतेक इथंच. या नगात जोड लोकरीच्याच पीळदार दोऱ्यानं घातली आहे आणि टाका काठापासून तीन-चार धागे आत घेतला आहे. ही बरोबर पद्धत. बाजारात नायलॉनच्या दोऱ्यानं शिवलेल्याही मिळतात. नायलॉनचा दोरा तुटत नाही हे खरं, पण तो लोकरीपेक्षा चिवट असल्यामुळे ओढ बसली की काठाचे धागे करवतीसारखे कापत जातो. दोन हिवाळ्यांत दोरा जागेवर आणि काठ फाटलेला, अशी गत होते.

रंग काळा म्हणतात खरा, पण उन्हात धरली की एकसारखा काळा मुळीच नाही. मेंढीच्या पाठीवरच्या लोकरीची टोकं उन्हानं तांबूस पडतात. पिंजताना ती सगळीकडे मिसळतात आणि कापडात करडी-तपकिरी झाक उतरते. मधेच एखादा पांढरा केस चमकतो. हा दोष नव्हे, ही खूण आहे. डांबरासारखी सरसकट काळी घोंगडी दिसली तर ती रंगवलेली समजावी. पांढरा रुमाल ओला करून दोन मिनिटं दाबून घासला की उत्तर मिळतं.

नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ असते आणि पुष्कळ जण तिथंच नाक मुरडतात. हा ताठपणा चिंचोक्याच्या खळीचा, म्हणजे सुताला चोळलेल्या चिकट पेजेचा. दख्खनी लोकर आखूड आणि भरड. हातानं कातलेल्या सुतातून केस चहूबाजूंनी बाहेर डोकावतात. असं सूत तसंच मागावर चढवलं तर फणीच्या प्रत्येक ठोक्याला शेजारच्या धाग्यात अडकतं, पिंजतं आणि तुटतं. म्हणून चिंचोके भाजून, टरफल काढून, भिजवून, वाटून आणि शिजवून त्यांची खळ करतात. ताणा, म्हणजे उभे धागे, मोकळ्या जागेत ताणून बांधतात आणि खळ कुंच्यानं एकाच दिशेनं ओढत चोळतात. केस सुताला चिकटून बसतात आणि वाळल्यावर धागा तारेसारखा गुळगुळीत होतो. परंपरेनं हे विणकाम सनगर आणि खुटेकर धनगरांच्या घरातलं. खळीचा दाटपणा तिथं मापानं नाही, बोटांनी ठरतो.

खळ बिघडली की घोंगडी बिघडलीच. दाट झाली तर शेजारशेजारचे धागे एकमेकांना धरून बसतात. सोडवताना तुटतात, मग गाठी येतात, आणि तयार कापडात उभ्या रेषेत गाठींची रांग दिसते. पातळ झाली तर केस नीट बसत नाहीत. विणतानाच लव निघते आणि घोंगडी पहिल्या वर्षभर कपड्यांवर केस गाळत राहते. तिसरा बिघाड आभाळाचा. ऊन नसेल तर खळ वाळायच्या आत आंबते, म्हणून पावसाळ्यात ताणा लावायचं काम थंडावतं. घेताना घोंगडी नाकाशी धरून बघा. मेंढीचा वास चालेल, तो उन्हानं कमी होतो. आंबूस वास मात्र धुतल्यावरही पुरता जात नाही. पाहिलेल्या नगात आंबूसपणा नव्हता, गाठी तुरळक होत्या आणि त्याही एका रांगेत नव्हत्या. एका इंचात उभे बारा-तेरा धागे भरले. भरड लोकरीच्या हाताच्या सुताला ही वीण घट्टच म्हणायची. उजेडासमोर धरली तर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात, पण ती सगळीकडे सारखी दिसतात. कुठं दाट, कुठं विरळ असे पट्टे दिसले तर विणणाऱ्यानं बाण्याचे, म्हणजे आडवे, धागे सारख्या जोरानं ठोकलेले नाहीत हे ओळखावं. विरळ पट्टा आधी झिजतो.

आता सगळ्यात मोठी तक्रार: टोचते. ही तक्रार खोटी नाही, पण तिची कारणं दोन आहेत आणि उपायही वेगळे. पहिलं कारण लोकरीच्या जाडीचं. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड केसाचं टोक माणसाच्या कातडीला टोचतं आणि दख्खनी लोकरीत त्याहून जाड, आतून पोकळ केस भरपूर असतात. याला इलाज नाही, खाली सुती चादर हाच मार्ग. पण घोंगडी वर्षानुवर्षं दबत नाही, चोथा होत नाही, तीही याच ताठ केसांमुळे. दुसरं कारण कुसळांचं. बालाघाटाच्या माळावर पावसाळा सरताना कुसळी गवत पिकतं आणि तिथं चरलेल्या कळपाच्या लोकरीत त्याची टोकदार बोंडं रुततात. कातरणीआधी मेंढ्या ओढ्याला धुतल्या तरी ती निघत नाहीत. पिंजताना काही गळतात, बाकीची मोडून सुतात कातली जातात. तळहात हलका ठेवून घोंगडीवरून उलट दिशेनं फिरवला की जिथं एकाच ठिकाणी सुईसारखं बोचतं तिथं कुसळ आहे. नखानं ओढलं तर मोडतं. जाड सुईनं धागा किंचित उचलून चिमट्यानं काढावं. एका घोंगडीत पाच-दहा कुसळं निघाली तर चालवून घ्या. हातभर जागेतच तेवढी निघत असतील तर लोकर नीट निवडलेली नाही. आमच्या नगात सगळी मिळून सात निघाली.

भेसळ ओळखायला जळत्या काडीसारखी दुसरी परीक्षा नाही. दशांमधला, म्हणजे टोकाला मोकळ्या सोडलेल्या धाग्यांमधला, एक धागा तोडून पेटवा. लोकर केस जळल्याच्या वासानं जळते, काडी बाजूला नेली की विझते आणि मागं राहिलेला काळा गोळा चिमटीत चुरतो. ॲक्रिलिक वितळतं, ठिबकतं आणि त्याचा टणक मणी होतो. मात्र एकच धागा जाळून थांबू नका. उभा, आडवा आणि काठाचा, तिन्ही जाळा. आडवं सूत लोकरीचं आणि उभं मिश्र, ही नेहमीची चलाखी आहे, कारण गिरणीचं मिश्र सूत तुटत नाही आणि खळीचा व्याप वाचतो. जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून केलेलं पानिपतचं ब्लँकेट या परीक्षेत कधीकधी बऱ्यापैकी उतरतं, पण त्याला दशा नसतात, जोड नसते आणि दोन बोटांनी चोळलं की लव सुटते. स्वस्तातलं पांघरूण म्हणून ते वाईट नाही, फक्त घोंगडीच्या भावानं घेऊ नये.

वापरात काळी घोंगडी कुठं कामाला येते ते इथल्या माणसाला सांगायला नको, तरी दोन गोष्टी नोंदवतो. हुरड्याच्या दिवसांत आगटीशेजारी अंथरायला हिच्याशिवाय दुसरं काही घेऊ नका. ठिणगी पडली तर ज्वारीच्या दाण्याएवढा डाग करपतो आणि तिथंच विझतो. मिश्र ब्लँकेटला त्याच ठिणगीनं वितळून भोक पडतं आणि कातडीला चिकटतं. दुसरी गोष्ट पावसाची. लोकर आपल्या वजनाच्या साधारण ३० टक्के ओल आत मुरवूनही हाताला ओली लागत नाही. म्हणून खोळ करून डोक्यावरून घेतली की वावरातून घरी येईपर्यंतची झड सहज निभते. धो धो पावसात तासभर मात्र नाही. एकदा पाणी मुरलं की तीच अडीच किलोची घोंगडी दुपटीहून जड होते आणि वाळायला दोन-दोन दिवस घेते. ‘भिजत घोंगडं’ हा शब्द उगीच आलेला नाही. तान्ह्या लेकराच्या अंगाला ही घोंगडी लावू नये, आणि चैत्र-वैशाखात ती खुशाल बाजेवर अंथरावी, पांघरायचा प्रश्नच येत नाही.

जावळाच्या घोंगडीबद्दल थोडक्यात. कोकराची पहिली लोकर कधीच कातरलेली नसते, त्यामुळे तिच्या केसांची टोकं निमुळती असतात आणि केसही बारीक. फरक गालाला लावताच कळतो. वजनाला हलकी, ऊब चांगली, पण बारीक लोकर लवकर झिजते आणि कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, आधी हिच्यावर पडते. बसायला, अंथरायला, ट्रॅक्टरच्या सीटवर घालायला ही घेणं म्हणजे पैसे पाण्यात. आणि एका कोकराचं जावळ निघतं ते मूठ-दोन मूठ, त्यामुळे काळीच्याच भावात कुणी जावळाची देत असेल तर ती जावळाची नाही.

आता रंगीत काठाची. काळ्या अंगावर मंजिष्ठेच्या मुळांचा तांबडा आणि डाळिंबाच्या सालीचा पिवळा पट्टा, दोन्ही टोकांना पांढरी किनार. दिसायला इतकी सुरेख की पहिल्या नजरेत काळी मागं पडते. पण ओल्या पांढऱ्या रुमालानं तांबडा पट्टा घासला तर रुमाल गुलाबी झाला. साध्या पाण्यात बुडवल्यावर शेजारच्या पांढऱ्या किनारीतही लाली उतरली. पिवळा मात्र टिकला. विकणाऱ्यानं ‘पहिल्या धुण्याला जरा जातोच’ असं सांगितलं. हे खरं नाही. नीट बसवलेला मंजिष्ठेचा रंग थंड पाण्यात असा सुटत नाही.

चूक कुठं होते ते पाहा. रंगवायला पांढरी लोकर लागते, काळीवर रंग दिसत नाही. ती लोकर आधी तेलकटपणा निघेपर्यंत धुवावी लागते. रिठ्याच्या साधारण ५० अंशांच्या पाण्यात अर्धा तास नुसती बुडवून, न चोळता, आणि हे दोनदा. तेल राहिलं तर रंग धरून ठेवणारी तुरटी केसाच्या आत शिरत नाही आणि रंग वरच्या वर बसतो. पुढचा टप्पा तुरटीचा. एक किलो सुक्या लोकरीला १०० ते १५० ग्रॅम तुरटी, आधी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून मग मोठ्या भांड्यात. लोकर ओली करूनच घालायची, पाणी हळूहळू ८०-८५ अंशांपर्यंत न्यायचं, तासभर ठेवायचं आणि रात्रभर त्याच पाण्यात निवू द्यायचं. घाईत हा रात्रभराचा भाग गाळला जातो. मंजिष्ठा लोकरीच्या निम्म्या वजनापासून बरोबरीच्या वजनापर्यंत लागते आणि तिचं पाणी ७० अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. खळखळा उकळलं की मुळातला तपकिरी अंश सुटतो आणि तांबड्याचा विटकरी होतो. या नगातला तांबडा विटकरीकडेच झुकलेला आहे, म्हणजे भट्टी जास्त पेटली होती हे नक्की. शेवटी रंगवलेलं सूत पाणी नितळ येईपर्यंत खळखळून धुवायचं. हे झालं असतं तर निदान किनार तरी डागाळली नसती.

पाण्याचाही हात आहे. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यातला चुना मंजिष्ठेला उलट मानवतो, तांबडा गडद होतो. पण त्याच पाण्यात लोह असेल किंवा भांडं गंजकं असेल तर सगळे रंग मळतात, डाळिंबाच्या सालीचा पिवळा तर थेट शेवाळी होतो. रंगाईला साठवलेलं पावसाचं पाणी आणि स्टीलचं पातेलं, एवढं सांभाळलं तरी निम्मा घोळ टळतो. गडद करायला काही जण मुद्दाम हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, घालतात. लोकरीच्या वजनाच्या दोन-तीन टक्क्यांपलीकडे ते गेलं की केस ठिसूळ होतो आणि नेमका तो पट्टा पाच-सहा वर्षांत तुटायला लागतो. हळदीचा पिवळा घेऊच नका, उन्हात तो काही दिवसांत उडतो. पळसाच्या फुलांचाही फार टिकत नाही. बाभळीच्या सालीचा तपकिरी मात्र भरवशाचा, सालीतल्या तुरटपणामुळे तो तुरटीवाचूनही लोकरीला धरतो. विणकरांनी तांबड्याच्या मागं न लागता डाळिंब आणि बाभूळ या दोनच रंगांवर हात बसवावा असं आम्हाला मनापासून वाटतं. दोन्ही इथं फुकटाच्या भावात मिळतात.

याच बाबतीत अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या नवाहो विणकरांकडून घेण्यासारखं आहे. त्यांचे पट्टे उठून दिसतात ते बरेचदा रंगाशिवायच. काळी, पांढरी आणि तपकिरी लोकर जशीच्या तशी वापरतात आणि करडा हवा असेल तर काळी-पांढरी एकत्र पिंजतात. रंगवायचं असेल तर अक्रोडाच्या हिरव्या सालीचा तपकिरी, जो बाभळीसारखाच तुरटीवाचून बसतो. त्यांचा माग उभा असतो, बाण्याचं सूत जाड फणीनं इतकं दाबून ठोकतात की ताणा दिसेनासाच होतो. त्यामुळे ताण्याला खळ लावायची गरज पडत नाही. आपल्या घोंगडीत उभं-आडवं दोन्ही सूत वर दिसतं, म्हणून खळीला पर्याय नाही. पण करड्या लोकरीचा पट्टा आपल्या मागावर आजही सहज निघेल, आणि तो कधीच सुटणार नाही.

त्यांच्या मेंढीची कथाही दख्खनी पाळणाऱ्यानं ऐकावी अशी आहे. चुरो नावाची ती मेंढी, वरचा केस लांब आणि आतली लोकर मऊ, तेलकटपणा कमी. १९३० च्या दशकात चराई वाचवायच्या नावाखाली तिथल्या केंद्र सरकारनं नवाहोंचे कळप सक्तीनं कमी केले आणि १९७० च्या दशकापर्यंत जातिवंत चुरो मोजक्याच उरल्या. १९७७ पासून त्या शोधून पुन्हा वाढवायचं काम सुरू झालं. आपल्याकडे सक्ती कुणी केलेली नाही. लोकरीला भावच नाही, कातरणीची मजुरी निघत नाही, म्हणून मेंढपाळ लोकर न देणाऱ्या, मटणाला भरणाऱ्या माडग्याळ आणि नेल्लोर जातींकडे वळतो आहे. घोंगडीच्या किमतीकडे बघताना हे ध्यानात असू द्या. एका मेंढीची एका कातरणीची लोकर अर्ध्या किलोच्या आतच भरते, त्यातला मळ-तेल धुण्यात जातं. म्हणजे एका घोंगडीमागं आठ-दहा मेंढ्या, आणि निवडणं, पिंजणं, कातणं, खळ, विणणं हे सगळं हातानं. दीड-दोन हजारांच्या खाली कुणी हाताची काळी घोंगडी देऊ म्हणालं तर आधी काडी पेटवा.

धुण्याबद्दल विक्रेते ‘कधीच धुऊ नका’ म्हणतात. बसायला किंवा पारायणाला अंथरायची असेल तर ते ठीक, खळ राहू द्या, उन्हात टाकून झटका. पांघरायची असेल तर खळ काढलीच पाहिजे, कारण खळीवर झुरळं आणि उंदीर येतात. अडीच किलोच्या घोंगडीला १५० ग्रॅम रिठ्याची टरफलं दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी उकळून गाळा आणि मोठ्या टपातल्या साध्या पाण्यात मिसळा. घोंगडी तासभर बुडवा, तळहातानं दाबत राहा. घासायचं नाही, आपटायचं नाही, आणि गरम पाणी तर नाहीच. गरम पाणी आणि घासणं एकत्र आलं की लोकरीचे केस एकमेकांत गुंतून घोंगडी आटते आणि नमद्यासारखी जाड होते, ती परत सुटत नाही. कपड्यांची पावडर लोकर खाते आणि ब्लीचमध्ये तर लोकर अक्षरशः विरघळते. खंगाळताना शेवटच्या पाण्याला चिकटपणा लागेनासा झाला की पुरे. पिळू नका. बाजेवर आडवी पसरून निथळू द्या, दोरीवर टांगली तर ओल्या वजनानं लांबते आणि मधली जोड ताणली जाते. सावलीत वाळवा, शेवटी तासभर ऊन.

ठेवताना कसर हाच खरा शत्रू. घामाची, तेलाची जागा तिला आधी सापडते, म्हणून मळकी घोंगडी घडी करून पेटीत टाकू नका. वाळलेला कडुलिंबाचा पाला घडीत घाला, पण त्याच्या भरवशावर राहू नका. महिन्यातून एकदा ऊन आणि दोन्ही अंगांनी झटकणं, यानंच अंडी गळतात. दर वेळी घडी वेगळ्या रेषेवर घाला, एकाच घडीवर घोंगडी तुटते.

माळेगावसारख्या यात्रेच्या गर्दीत रात्री दिव्याच्या उजेडात घेण्यापेक्षा सकाळच्या उन्हात घ्या. रंगाची झाक, विरळ पट्टे आणि जोड उन्हातच दिसतात. थेट विणकराकडून करवून घ्यायची तर मागणी थंडी पडल्यावर नव्हे, पावसाळा ओसरताच नोंदवा, म्हणजे ताणा लावायला त्याला कोरडं ऊन मिळतं. नोंदवताना लांबी-रुंदी, जोड लोकरीच्याच दोऱ्यानं, आणि खळ धुऊन द्यायची की तशीच, एवढं कागदावर लिहून घ्या.